इनागाकींचं स्टोअर रिकामं झालं तेव्हा

तोकुजी इनागाकी आमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होते. जपानातल्या निशिओ गावाच्या बाहेर, चहाचे मळे संपतात तिथं आमचा प्रेसचा कारखाना. मोटारींच्या दारांना लागणारे पत्र्याचे लहान लहान भाग आम्ही काढायचो. माणसं एकसष्ट. मी तयार मालाच्या तपासणीला होते आणि माझं टेबल स्टोअरच्या खिडकीला अगदी चिकटून होतं. इनागाकींचं बोलणं, खोकणं, स्वतःशी पुटपुटणं, सगळं माझ्या कानावर पडायचं. म्हणून ही हकिगत मला बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त ठाऊक आहे.

खिडकीवर येऊन कुणी काही मागितलं की मान वर न करता ते म्हणायचे, "तिसरी रांग, खालून दुसरा खण, ग्रीसच्या निळ्या डब्यामागे." आणि उठून स्वतःच आणून द्यायचे. दुसऱ्या कुणाला आत पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. वही होती, पण वहीत काय आलं तेवढंच लिहिलेलं. कुठं ठेवलं ते त्यांच्या डोक्यात. आमचे थोरले मालक हयात असताना पाहुण्यांना मुद्दाम खिडकीपाशी घेऊन यायचे. "विचारा, काहीही विचारा!" पाहुणे एखाद्या अडनिड्या बोल्टचं नाव घ्यायचे, इनागाकी खण सांगायचे, आणि छाती फुगायची ती थोरल्या मालकांची.

इनागाकींची तरुणपणची वर्षं युद्धात आणि नंतरच्या टंचाईत गेलेली. एक डबा लागत असेल तर तीन मागवायचे. "पडून राहील, पण अडणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्टोअर भरलं तेव्हा थोरल्या मालकांनी मागे दुसरी शेड बांधली. तीही भरली. आत दोन फळ्यांमधून माणूस आडवा होऊन जायचा.

१९७६च्या वसंतात मला पहिल्यांदा शंका आली. प्रेसवरचे मुकादम ओबाता स्प्रिंगा मागायला आले. इनागाकी म्हणाले, "आणतो," आणि आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आतून डबे सरकवल्याचे आवाज येत होते. शेवटी बाहेर आले, कपाळावर घाम. म्हणाले, "संपल्यात. मागवतो."

"संपल्या? तुमच्याकडे?" ओबाता हसले. "आता सूर्य पश्चिमेला उगवणार बघा."

आठवड्यानं नव्या स्प्रिंगा आल्या. त्याच दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तर इनागाकी हातात जुन्या स्प्रिंगांचे चार भरलेले डबे घेऊन उभे होते. इकडेतिकडे बघून त्यांनी ते नव्या डब्यांच्या मागे सरकवले आणि वर एक गोणपाट टाकलं. मी पटकन मान खाली घातली.

त्यानंतर माझं लक्ष जायला लागलं. टोपीच्या आत घडी घातलेले कागद. तळहातावर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. रविवारी मी सासरच्या चहाच्या वाफ्यावर जायची, वाट कारखान्यावरूनच. तर मागच्या फाटकाशी त्यांची सायकल उभी. एकदा समोरासमोर गाठ पडली.

"रविवारी पण, इनागाकी-सान?"

"उंदीर झालेत हो. सापळे लावतोय," ते म्हणाले. कपडे धुळीनं माखलेले आणि डोळे तांबारलेले. उंदीर वगैरे काही नव्हते. मला ते कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं असावं, कारण पुढे आठवडाभर त्यांनी मला चहाच्या सुट्टीत हाक मारली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही ज्या मोठ्या कंपनीला माल द्यायचो तिचा निरोप आला. आता आठवड्याचा माल एकदम नको. दिवसातून चार खेपा, आणि खेपेला लागेल तेवढाच. आमचे मालक कामिया, थोरल्यांचे चिरंजीव, हबकलेच. एवढ्या वेळा प्रेसचे साचे, म्हणजे डाय, बदलायच्या, त्यात प्रेस थांबून राहिल्या तर माल निघायचा कसा? मग त्या कंपनीनं दर मंगळवारी एक माणूस पाठवायला सुरुवात केली. त्यांचं नाव होत्ता. पन्नाशीचे, काटकुळे, स्वतःचा डबा घेऊन यायचे आणि आमच्या बायकांच्या बाकावर बसून जेवायचे. पहिल्याच दिवशी खारवलेल्या आलुबुखाऱ्याची बी गालात धरून त्यांनी मला विचारलं, "या खिडकीवर माणूस किती वेळ उभा राहतो?"

"ते माणसावर आहे," मी म्हटलं. "ओबाता-सान गप्पा मारतात."

"आणि गप्पा वजा केल्या तर?"

मी पुढचा तुकडा तपासायला घेतला. दुपारी मात्र त्यांनी स्वतःच पाहिलं. ओबातांना पत्र्याला भोक पाडायचा एक पंच हवा होता, होत्ता घड्याळ घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. पंच हातात पडायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ प्रेस थांबलेली, प्रेसवरची दोन माणसं थांबलेली, आणि पुढे वाकवणाऱ्या मशीनवरची बाई रिकाम्या टोपलीकडे बघत बसलेली. होत्तांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि इनागाकींना वाकून नमस्कार केला.

पुढच्या मंगळवारी त्यांनी मालकांना सांगितलं, "स्टोअर आणि मागची शेड, सगळं अंगणात काढू या. वर्षभरात ज्याला हात लागला नाही त्याला लाल चिठ्ठी लावून काढून टाकू. उरेल ते नीट मांडू, कुणालाही सापडेल असं."

मालक कळवळून म्हणाले, "होत्ता-सान, बाकी काहीही करा. इनागाकी माझ्या वडिलांच्या वेळचे आहेत. त्यांना दुखवू नका."

बातमी खिडकीपर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली. इनागाकींनी कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दारापुढे खुर्ची टाकून बसले.

"ज्याला जे हवं ते मला विचारा," ते मोठ्यानं म्हणाले. "मी काय मेलोय?"

होत्ता म्हणाले, "नाही, तसं कुणीच म्हणत नाही."

"माझ्या स्टोअरमुळे सव्वीस वर्षांत एकदाही प्रेस अडली नाही. विचारा यांना!"

जो तो आपापल्या मशीनकडे वळला. होत्ता मान हलवून निघून गेले. ओबाता माझ्या कानात म्हणाले, "म्हातारा जिंकला." मला मात्र इनागाकींचा आवाज जिंकलेल्या माणसाचा वाटला नाही.

तीन आठवडे तसेच गेले. मग जूनमधला तो मंगळवार उजाडला. सकाळी नऊला सगळ्यात मोठ्या प्रेसच्या क्लचची पिन तुटली. पिन बोटाएवढी, पण तिच्यावाचून प्रेस हलत नाही. बदली पिन स्टोअरमध्ये होती. इनागाकींनी स्वतः दोन वर्षांपूर्वी मागवून ठेवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ते आत गेले. दहा वाजले, अकरा वाजले. कंपनीचा ट्रक फाटकात येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरून सिगारेट ओढायला लागला. मालक ऑफिसात फोनपुढे कमरेत वाकून माफी मागत होते, काचेतून आम्हाला दिसत होतं. जेवणाची सुट्टी झाली, इनागाकी बाहेर आले नाहीत. ओबातांनी मदतीला येतो म्हणून हाक दिली, तर आतून ओरडणं ऐकू आलं, "कुणी यायचं नाही!"

दीड वाजता होत्ता आत गेले. मालकांनी मला म्हटलं, "चियो-सान, तुम्ही जरा चहा घेऊन जा. बाईमाणूस दिसलं तर भांडणार नाहीत."

मी सातूचा गार चहा घेऊन गेले. भांडण कुठलं? इनागाकी एका खोक्यावर बसले होते. भोवती उपसलेले डबे, हात काळे, टोपी खाली पडलेली. होत्ता समोर दुसऱ्या खोक्यावर होते. मी फळीआड थांबले, कारण पुढे जावंसं वाटेना.

"मला आठवत नाही," इनागाकी म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "नुसती पिनच असं नाही. काहीच आठवत नाही. वर्ष झालं. रविवारी येऊन पाठ करतो, सोमवारी पुसलेलं असतं. माझी आई अशीच गेली. शेवटी मला माझ्या भावाच्या नावानं हाक मारायची. आता माझी पाळी."

होत्तांनी भोवतालच्या डब्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "इथं वस्तू किती असतील?"

"चार हजारांच्या वर."

"चार हजार! मला तीन जावई आहेत. तिसऱ्याला हाक मारायची तर आधी पहिल्या दोघांची नावं घ्यावी लागतात."

इनागाकींनी मान वर केली.

"तुमचं डोकं कसं आहे ते डॉक्टर सांगेल, मला त्यातलं कळत नाही," होत्ता म्हणाले. "पण चार हजार वस्तू एका माणसाच्या डोक्यात ठेवणारा कारखाना चुकतोय, हे मला कळतं. तुम्ही तापानं आठ दिवस झोपलात तर एकसष्ट माणसं बसून राहतील. हे ओझं तुमच्यावर टाकलं कुणी? तुम्ही काही मागून घेतलं नव्हतं."

"घेतलं होतं," इनागाकी म्हणाले. "मला आवडायचं ते."

मग त्यांनी चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, काळे पट्टे उमटले. मला फळीआड पाहून म्हणाले, "चियो-सान, चहा काय दाखवायला आणलाय का?" मी पुढे झाले. त्यांनी एका दमात पेला रिकामा केला, खिशातून किल्ली काढली आणि होत्तांच्या हातावर ठेवली.

त्या दुपारी सगळा कारखाना स्टोअर उपसायला लागला. साखळी करून माणसं उभी राहिली, डबा हातोहात अंगणात. मालकांनी कोट काढून ठेवला. तासाभरात माझ्याच हाताला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा लागला, वर हातमोजे आणि तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेली पिन. मी ओरडलेच. साडेतीनला प्रेस सुरू झाली आणि सुटायच्या आत ट्रक भरून गेला. उशिराबद्दल मालकांनी पुन्हा माफी मागितली, या वेळी ड्रायव्हरला, समोरासमोर.

पण उपसणं थांबलं नाही. चार दिवस लागले. अंगणात काय काय मांडलं होतं! ग्राइंडिंगची तीनशे चाळीस चाकं. नऊ वर्षं पुरतील एवढे हातमोजे. त्या स्प्रिंगा सात वेगवेगळ्या ठिकाणी निघाल्या. थोरल्या मालकांच्या लग्नातले साके ही तांदळाची दारू प्यायचे पेले निघाले, ते बघून मालकांच्या आईला रडू आलं. होत्तांनी लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा इनागाकींच्याच हातात दिला. "तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

पहिल्या तासात त्यांनी दोन चिठ्ठ्या लावल्या, त्यातली एक परत काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऑफिसात अजून चिठ्ठ्या मागायला गेले.

"इनागाकी-सान, मलाही लावणार का एक?" ओबातांनी विचारलं.

"तुला केव्हाच लावली असती. पण भंगारवाला उचलणार नाही."

अंगणात हशा पिकला. ते स्वतःही हसले.

निम्म्याहून जास्त माल गेला. काही इतर कारखान्यांनी नेला, काही भंगारात. मागची शेड पूर्ण रिकामी झाली. उरलेल्यासाठी बिनदाराच्या फळ्या केल्या, कुलूप नाही, खिडकी नाही. प्रत्येक वस्तूच्या जागी तिची आकृती रंगवली आणि नाव मोठ्या अक्षरात. डब्याच्या तळाशी थोडा माल उरला की मध्ये ठेवलेलं एक कार्ड हाताला लागायचं. ते कार्ड दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचं, म्हणजे नवा डबा मागवला जायचा. एकच डबा, तीन नाही. नावं इनागाकींनी लिहिली, त्यांचं अक्षर टपोरं होतं.

परीक्षा मालकांची घेतली. जन्मात त्यांनी स्टोअरमधून काही आणलं नव्हतं. होत्तांनी एका पंचाचं नाव सांगितलं आणि घड्याळ लावलं. चाळीस सेकंदांत मालक पंच उंच धरून बाहेर आले, जत्रेत नेम मारून बाहुली जिंकल्यासारखे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इनागाकीही वाजवत होते, पण पुढे ते दिसेनात. मी शोधत गेले तर मागच्या नळावर तोंड धूत होते.

"बरं आहे ना?" मी विचारलं.

"काल झोपलो," ते म्हणाले. "आडवा झालो तो सकाळी बायकोनं हलवलं तेव्हाच उठलो. वर्षात असं झालं नव्हतं." मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "पण चियो-सान, आता स्टोअरकीपर कशाला लागतो?"

तोच प्रश्न माझ्याही मनात होता.

सोमवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि थेट मालकांच्या ऑफिसात शिरले. आम्ही काचेतून बघत होतो. त्यांनी एक पाकीट दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि वाकले. मालक उठलेच नाहीत, आधी त्यांना कळेचना. मग पाकीट उघडून वाचलं आणि असे ताडकन उभे राहिले की खुर्ची मागे पडली. दार बंद होतं, तरी आवाज बाहेर आला.

"राजीनामा? कुणी मागितला तुमच्याकडे?"

"कुणी मागायच्या आत दिलेला बरा, साहेब. फळ्यांना राखणदार लागत नाही."

"अहो, होत्ता-सान आले त्या पहिल्याच दिवशी मला काय म्हणाले माहीत आहे? 'या कामामुळे एकही माणूस घरी जाणार असेल, तर मी दुसऱ्या मंगळवारी येणार नाही. ज्याचा वेळ वाचला त्यालाच हाकललं, तर उद्या वेळ वाचवायला कोण पुढे येईल?' मी शब्द दिलाय त्यांना!"

"मग मी करू काय?"

"तेच विचारायला मी आज तुम्हाला बोलावणार होतो!"

मालकांनी पाकिटाचे दोन तुकडे केले आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकले. इनागाकी बाहेर आले. माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले आणि माझ्या हातातला तपासलेला तुकडा उगाचच उलटसुलट बघत बसले.

त्यांना काम मिळालं ते प्रेसच्या रांगेत फिरायचं. दिवसातून तीन फेऱ्या, खिळ्यावरची कार्डं गोळा करायची, कुठं काय लागतंय ते बघायचं. सव्वीस वर्षं खिडकीआड बसलेला माणूस, आपण दिलेली वस्तू लागते कुठं हे त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं. पहिल्या महिन्यातच ते ओबातांना म्हणाले, "तुझ्या चार नंबरवर पंच फार मोडतात रे. बाकीच्यांच्या तिप्पट कार्डं तिच्या पंचांची येतात."

"जुनी आहे ती. चालायचंच."

"चालायचंच काय? पाणसळ लावून सपाटी बघ तरी."

लावली. प्रेसचा एक पाय खचलेला निघाला. खाली पट्टी घातली आणि पंच मोडायचे थांबले. ओबातांनी त्या दिवशी स्वतःच्या डब्यातली तळलेली कोळंबी त्यांच्या भातावर ठेवली, एक शब्द न बोलता. ओबातांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

डॉक्टरचं मात्र इनागाकी टाळत होते. बायकोला, याए-सानना, त्यांनी पिनच्या दिवशीच घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. त्या रोज मागे लागायच्या, हे रोज पुढच्या आठवड्यावर ढकलायचे. शेवटी सप्टेंबरात त्यांनी ओकाझाकीच्या मोठ्या इस्पितळात परस्पर नंबर लावला आणि नवऱ्याला गाडीत बसवलं. दोन वेळा जावं लागलं. त्या पंधरा दिवसांत इनागाकी कार्डं गोळा करायचे, पण कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. आम्हीही विचारत नव्हतो.

दुसऱ्या खेपेनंतरच्या दिवशी याए-सान स्वतः कारखान्यात आल्या. हातात तीन मजली लाकडी डबा, गोड पुरणात घोळवलेले भाताचे लाडू, एकसष्ट माणसांना पुरतील एवढे. चहाच्या सुट्टीची घंटा झाली होती. इनागाकी लाजून मागे उभे होते.

"काय म्हणाले डॉक्टर?" ओबातांनी विचारलं. तसं विचारायचं नसतं, पण ओबातांना कोण सांगणार?

"सांगते ना!" याए-सान म्हणाल्या. "तीन तास तपासलं. चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले. मग डॉक्टर म्हणाले, आईचा आजार नाही. रक्तदाब वाढलेला, वर्षभर झोप नाही, आणि वय अठ्ठावन्न. तेवढं विसरायचा हक्क आहे म्हणाले."

"हक्क आहे म्हणाले," मागून इनागाकी म्हणाले.

"बाहेर आलो तर हे इस्पितळाच्या पायरीवरच बसले. मी घाबरले. म्हटलं, अहो, चक्कर आली का? तर म्हणतात, भूक लागली! समोरच्या दुकानात लाल मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शातल्या शेवया खाल्ल्या, दोन वाट्या. वर माझ्यातली अर्धी. जूनपासून घरात माणूस नीट जेवला नव्हता."

मालक, ओबाता, वाकवणाऱ्या मशीनवरच्या बायका, सगळे लाडवांभोवती जमले. मी चहा ओतायला वळले. मागून याए-सानचा आवाज येत होता, "एकेकाला एकेकच हं! ओबाता-सान, तुम्हाला दोन कुणी दिले?" आणि इनागाकी हसत होते, तोंड भरलेलं असताना, ठसका लागेपर्यंत.